आम्ही उभयता, नादार

संपादकांनी फोनवर आधी शब्द सांगितले, मग मानधन. मी शब्द कमी करायला लावले आणि मानधन वाढवायला. त्यावर त्यांनी शब्द पुन्हा वाढवले. शेवटी आम्ही जिथे थांबलो तिथे दोघेही नाराज होतो. माझ्या धंद्यात याला उत्तम तडजोड म्हणतात.

धंदा वकिलीचा. त्यातही नादारीचा, म्हणजे साध्या भाषेत दिवाळ्याचा. दिवाळी अंकात दिवाळ्यावर लेख आला तर अपशकुन होईल, असं कोणाला वाटत असेल तर त्याने ही पानं उलटून पुढच्या पाककृतींकडे जावं. रत्नागिरीच्या कोर्टात माझं आयुष्य उभं राहून गेलं. दिवाणी दावे केले, भाडेकरू काढले, भाडेकरू ठेवले, पण लोकांच्या लक्षात राहिले ती नादारीच्या अर्जांमुळे. बाररूममध्ये मला आधी ‘नादारीच्या बाई’ म्हणत. बोलायला लांब पडतं म्हणून कोणा आळशाने त्याचं ‘नादार बाई’ केलं. खुनाचे खटले चालवणाऱ्याला कोणी खुनी वकील म्हणत नाही. घटस्फोटाची कामं करणारे आमचे एक ज्येष्ठ आहेत, त्यांना घटस्फोटित म्हणायची कोणाची छाती नाही. मीच तेवढी नादार. यावरून मी एकदा बाररूममध्ये कडाडून भांडले. भांडण इतकं गाजलं की ज्यांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

माझी आई बंदरावर मासे विकायची. सौद्याची अक्कल तिची. ती सांगायची, गिऱ्हाईक पाटीकडे बघतंय तोवर भाव बोलू नको, तुझ्या तोंडाकडे बघायला लागलं की बोल. मी कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. लोकांचे अर्ज टाइप करता करता लक्षात आलं की चुका वकील करतात आणि शिव्या टायपिस्ट खाते. तेव्हा म्हटलं, आपणही चुका करणाऱ्यांच्या बाजूला जावं. टाइप करत करतच कॉलेज केलं आणि सनद घेतली. टाइपरायटर अजून आहे, विकायला काढला नाही. योग्य भाव कोणी बोलला नाही.

आता नादारी म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कर्ज फिटण्यापलीकडे गेलं की माणूस कोर्टात अर्ज करतो की माझ्याने होत नाही. कायदा इंग्रजांच्या काळचा. नवा झाला आहे, पण त्यातलं तुमच्याआमच्यासारख्या साध्या कर्जदारांचं प्रकरण अजून लागू झालेलं नाही, म्हणून आम्ही जुन्यावर भागवतो. कोर्टाने नादार ठरवलं की त्या माणसाची मिळकत रिसीव्हरकडे जाते. रिसीव्हर म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस. तो ती विकतो आणि धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे बुडायला आलेत त्यांना, वाटून देतो. दारात रोज उभे राहणारे लोक दारातून जातात. माणूस सरळ वागला असेल तर पुढे उरलेल्या देण्यातून मोकळाही होतो. मात्र सगळंच जात नाही. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि बायकोचं मंगळसूत्र याला कोणी हात लावू शकत नाही. मंगळसूत्र काय असतं हे कायदा करणाऱ्या गोऱ्या साहेबाला कळलं होतं. वसुलीला येणाऱ्या आपल्याच माणसांना ते मला दर वेळी ओरडून समजवावं लागलं.

नवरा-बायको आले की पहिला प्रश्न ठरलेला. दोघांचा मिळून एकच अर्ज होईल ना? त्यांचं बरोबर असतं. रेशनकार्ड एक, गॅसचं पुस्तक एक, घरपट्टी एक, मग दिवाळं दोन कशाला? मी सांगायचे, लग्न दोघांचं होतं, दिवाळं एकेकाचं. कर्ज एकट्याच्या सहीचं असेल तर त्याने एकट्याने अर्ज करावा. बायकोचं स्त्रीधन, तिच्या माहेरची मिळकत, तिच्या कष्टाची कमाई त्यात येत नाही. दोघांच्या सह्या असतील तर दोघांनी वेगळे अर्ज करावेत. कोर्टाला वाटलं तर ते दोन्ही एकत्र चालवतं. आणि तिसरी वाट म्हणजे कोणीच अर्ज करायचा नाही, धनकोंना समोर बसवून तोडगा काढायचा. या तिसऱ्या वाटेवर माझ्यापुढे जाणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईच आहे, पण खरी आहे.

काही नवरे फार हुशार असतात. दिवाळं दिसायला लागलं की घर, गाडी, गोठा सगळं बायकोच्या नावावर करून मग माझ्याकडे येतात आणि डोळा मारतात. त्यांना मी पहिल्यांदा डोळा नीट करायला सांगायचे. अलीकडच्या दोन वर्षांत असं दिलेलं बक्षीस कोर्ट उलटवू शकतं.

पोफळीच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीत नोकरी काढलेलं एक जोडपं आलं. त्याच्या कर्जाला ती जामीन, तिच्या कर्जाला तो. दोघांपैकी एकानेच बदनाम व्हावं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या आणि मलाच एक उचलायला सांगितली. मी म्हटलं, अहो, एक नादार झाला तरी जामीनदार सुटत नाही. तुम्ही एकाच दोरीची दोन टोकं धरून विहिरीत उतरलेले आहात. मग दोन अर्ज केले. प्रत्येक तारखेला दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसायची, कारण वेगळे अर्ज म्हणजे वेगळं बसायचं, असा त्यांचा समज. दुपारी मात्र डबा एकच उघडायचा.

संगमेश्वरचा एक गृहस्थ बायकोला त्रास नको म्हणून तिच्या नकळत नादार व्हायला आला. अशा अर्जाची नोटीस पेपरात छापून येते, हे मी सांगेपर्यंत तो सही करून पळाला होता. बायकोने बाजारातून बांगडे आणले, ते त्याच पेपरात गुंडाळलेले. बांगडे तसेच टाकून ती माझ्याकडे आली. मला वाटलं, नवऱ्याने लपवलं म्हणून संतापली असेल. ती म्हणाली, “यांचं नाव छापलंत, माझं कुठाय? लोक म्हनतील मी नांदत नाय.”

ते ऐकून मी हसले होते. पुढे सुधाकर आणि वैजयंती आले तेव्हा कळलं की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

सुधाकर मच्छीमाराचा मुलगा. पर्यटक वाढले तशी त्याने मासेमारी सोडली आणि किनाऱ्यावर पाण्यातल्या स्कूटर आणल्या, ओढून न्यायची पिवळी फुगीर होडी आणली आणि वर एक उंट आणला. त्या उंटाचं नाव हापूस. रंग तसा होता म्हणून, आणि पुण्याच्या लोकांना ‘हापूसवर बसलो’ असं फोटोखाली लिहायला आवडायचं म्हणून. स्कूटर खाऱ्या पाण्याने खाल्ल्या, होडी कातळावर फाटली. उंट तेवढा धडधाकट राहिला आणि वर्षभर खात राहिला. कर्ज पतपेढीचं होतं, इकडचंतिकडचं होतं, आणि सगळ्यात मोठं दिगूशेठचं. दिगूशेठ आंब्याचा व्यापारी. हंगामात आंबे विकायचा आणि हंगाम नसला की पैसे द्यायचा. सगळ्या कागदांवर सही एकट्या सुधाकरची.

वैजयंतीला सगळे वैजू म्हणत. ती आंजर्ल्याची. वडिलांनी लग्नाच्या कितीतरी आधी तिच्या एकटीच्या नावे तिथलं आगर करून दिलं होतं. माडांचं, मधे सुपारी, कडेला जायफळ. सुधाकरचा धंदा बसल्यापासून घर त्या आगरावर चाललं होतं. चूल त्याच्यावर, मुलींची शाळा त्याच्यावर, आणि खरं सांगायचं तर उंटाचा चाराही त्याच्यावर. ते गेलं तर या माणसांना उभं राहायला जागा नव्हती. ते राखणं हेच माझं काम आहे, असं मी सगळं कळताक्षणी ठरवलं.

दोघं आली ती टाइप केलेला कागद घेऊनच. मी वाचला: ‘मे. कोर्टास विनंती की, आम्ही उभयतांनी नादार होण्याचे योजिले आहे. तरी कृपा व्हावी.’ खाली दोघांच्या सह्या. तीर्थप्रसादाची वेळ घालायची तेवढी राहिली होती. मी इतकी हसले की शेजारच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. मग विचारलं, हा कागद कोणी करून दिला? सुधाकर म्हणाला, दिगूशेठनी.

माझं हसू थांबलं. ज्याचे पैसे बुडणार त्यानेच नादारीचा अर्ज लिहून दिला, म्हणजे मांजराने उंदराला बिळाचा नकाशा काढून दिल्यासारखं होतं. दिगूशेठने यांना पढवलं होतं की जोडीने अर्ज केला की कोर्टाला दया येते. डोळा आगरावर होता. वैजूने स्वतःला नादार म्हणून लिहून दिलं की तिचं आगरही रिसीव्हरच्या हाती जाणार, आणि लिलावात बोली लावायला दिगूशेठ पहिल्या रांगेत. शिवाय असा अर्ज एकदा दाखल झाला की कोर्टाच्या परवानगीवाचून मागे घेता येत नाही. मी तो कागद टराटरा फाडला आणि टोपलीत टाकला.

वैजूने टोपलीतून तुकडे काढले आणि टेबलावर जुळवायला लागली.

मी तिला समजावलं. एकदा सांगितलं, परत सांगितलं, मग आवाज चढवला. माझा आवाज चढला की खालच्या रस्त्यावर रिक्षा थांबतात. ती शांतपणे तुकडे जुळवत होती. मग म्हणाली, “सत्यनारायणाला मी यांच्या शेजारी बसले. घरभरणीला बसले. तो मेला उंट आनला तेवा त्यालासुद्धा आमी जोडीने ओवाळलं. आनि आता वाईट दिसात मी बाजूला होऊ? तुमच्यात चालत असेल, वकीलबाई. आमच्यात नाय.”

हे तिचं खरं म्हणणं होतं. आपल्याकडे पूजेला नवरा पळीने पाणी सोडतो तेव्हा बायको त्याच्या उजव्या हाताला हात लावते. एवढ्याने ती त्या कामात आली. तिला सहीसुद्धा तशीच वाटत होती, हाताला हात लावल्यासारखी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सुधाकर. धंदा बसल्यापासून तो माणसांत बोलेनासा झाला होता. माझ्या ऑफिसातही प्रत्येक उत्तराआधी तिच्याकडे बघायचा. तिच्याशिवाय कोर्टात उभा राहणार नाही, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. अर्जदार उभा राहिला नाही तर अर्ज फेटाळला जातो.

म्हणजे तिने सही केली तर आगर जाणार, आणि ती बाजूला झाली तर नवरा तोंड उघडणार नाही.

तेव्हा मी वकिली बाजूला ठेवली आणि आईसारखी पाटी मांडली. मी म्हटलं, तू कोर्टात यायचंच नाही. ती म्हणाली, सही करणार. मी म्हटलं, बरं, ये, पण व्हरांड्यात थांब. ती म्हणाली, आत बसेन आणि सही करेन. मी म्हटलं, आत बस, पण मागच्या बाकावर, सही नाही. ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी ओळखलं, आता भाव बोलायचा. मी म्हटलं, “वैजू, सही एकाची, सोबत दोघांची. अर्ज त्याचा, तू त्याच्या हाताला हात लाव. पूजेला तू कुठे सही करतेस?”

मग तुकडे गोळा करून तिने स्वतःच टोपलीत टाकले. हात लावायचा म्हणजे ती कोर्टाच्या दारात, आत जाण्यापूर्वी लावेल, असं मी समजले होते. कुठे लावायचा हे आमच्या सौद्यात ठरलं नव्हतं.

सुधाकरचा एकट्याचा अर्ज दाखल झाला. त्यात मिळकतीची यादी द्यावी लागते. मी फोनवर सांगितलं आणि टाइप करणाऱ्याने उंटाच्या जागी नुसतं ‘हापूस, नग एक’ लिहिलं. कोर्टाने माणूस पाठवला. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हापूस, नग एक, म्हणजे आंब्याचं कलमच दिसणार. तो घराभोवती कलम शोधत फिरला. सापडेना, तेव्हा शेजारच्या म्हातारीला विचारलं की हापूस कुठे आहे. ती म्हणाली, पाणी प्यायला गेलाय, येईल इतक्यात. त्याने अहवालात लिहिलं की सदर झाड जागेवर आढळून आले नाही. दिगूशेठच्या वकिलांनी त्यावरून अर्जदाराने मिळकत दडवल्याचा आरोप केला. दडवलेली मिळकत तेव्हा कोर्टाच्या फाटकाबाहेर उभी राहून कोणाच्या तरी छत्रीचं टोक चघळत होती, कारण घरी सांभाळायला कोणी नव्हतं. न्यायाधीश देशावरचे होते आणि नुकतेच बदलून आले होते. त्यांनी खिडकीतून बघितलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे याला हापूस म्हणतात का? मी म्हटलं, साहेब, फक्त याला. उंट हे अर्जदाराचं हत्यार आहे, म्हणून त्याला लिलावातून सूट द्यावी, असाही मी अर्ज केला. तो साहेबांनी हसत नामंजूर केला. माझा मुद्दा चांगला होता, असं माझं अजून मत आहे.

मग अर्जदाराच्या जबानीचा दिवस आला. पुकारा झाला. सुधाकर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला. वैजू मागच्या बाकावर, ठरल्याप्रमाणे. शपथ झाली. साहेबांनी नाव विचारलं. सुधाकर काही बोलेना. पुन्हा विचारलं. त्याने कठडा धरला होता आणि ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. दिगूशेठ पुढच्या बाकावर पाय हलवत बसला होता. साहेब म्हणाले, अर्जदाराची बोलायची इच्छा नसेल तर मला निकाल द्यावा लागेल. भांडून घेता येणारी प्रत्येक गोष्ट मी घेऊ शकते, पण दुसऱ्याच्या घशातून आवाज भांडून काढता येत नाही.

मागचा बाक वाजला. वैजू उठली, पदर खोचून सरळ पुढे आली. पट्टेवाला अडवणार तोवर तिने कठड्याच्या दांड्यांमधून हात घातला आणि चार बोटं सुधाकरच्या उजव्या कोपराला टेकवली, थेट पूजेतल्यासारखी. चेहरा समोर, अंग ताठ.

सुधाकरने नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, गावाचं सांगितलं. मग कर्ज कोणाचं, कशासाठी घेतलं, काय बुडलं, का बुडलं, सगळं न अडखळता बोलला. उंटाविषयी बोलताना एकदा हसलासुद्धा.

दिगूशेठचे वकील उठले. त्यांनी फायलीतून एक कागद काढला. मूळ कागद मी फाडला होता, पण शेठने आधीच झेरॉक्स करून ठेवली होती. वकील म्हणाले, साहेब, हे पाहा, ‘आम्ही उभयता’. बाईंची सही आहे. आणि आत्ता बाई स्वतः अर्जदाराला येऊन मिळाल्या. कर्ज दोघांचं आहे, तेव्हा बाईंनाही यात घ्यावं आणि त्यांची आंजर्ल्याची मिळकतही.

कोर्टात कुजबुज झाली. वैजूने हात काढला नाही. मी बसल्या जागेवरून सुधाकरला विचारलं की हा कागद कोणी टाइप करून दिला. तो म्हणाला, दिगूशेठनी. मग मी उभी राहिले आणि विचारलं, “उभयता हा शब्द कोणी घातला?”

“त्यांनीच. म्हनाले, वैनींचं नाव असलं म्हंजे कागद भरल्यासारका दिसतो.”

दिगूशेठचा पाय थांबला. साहेबांनी वैजूला विचारलं, तुम्ही हे कर्ज घेतलं होतं का? ती म्हणाली, नाय. हे कर्ज घेत होते तेवा मी आंजर्ल्याला नारळ पाडून घेत होते. साहेब म्हणाले, मग आत्ता हात का लावला? ती म्हणाली, पूजेला लावतात तसा लावला, यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

तेव्हा मी म्हटलं, “साहेब, हाताला हात लावला की पूजेचं अर्धं पुण्य बायकोला मिळतं, असं आम्ही मानतो. अर्धं कर्ज मिळतं, असं ना शास्त्रात आहे, ना कायद्यात.”

साहेब हसले आणि माझं वाक्य जसंच्या तसं पुन्हा एकदा मोठ्याने बोलले. मग सांगितलं की कर्जाच्या कागदांवर बाईंची सही नाही, धनकोने लिहून घेतलेल्या कागदाने कर्ज तयार होत नाही, अर्ज एकट्या सुधाकरचा आहे आणि तो एकट्याचाच चालेल. बाईंनी हवं तर हात तसाच ठेवावा, जबानी संपेपर्यंत.

साहेब ते वाक्य पुन्हा बोलले आणि तिथेच माझा घात झाला. त्या दिवसापासून गावात ते साहेबांचं वाक्य झालं. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, जजसाहेब काय बोलले बघा. पुढे साहेब बदलून गेले, तेव्हा दिगूशेठच्या वकिलांनी ते आपल्या नावावर घेतलं. एका समारंभात त्यांनी ते भाषणात वापरलं, मी समोर बसलेली असताना, आणि टाळ्या घेतल्या. मी उठून तिथल्या तिथे सांगितलं की वाक्य माझं आहे. लोकांनी माझ्यासाठी जास्त टाळ्या वाजवल्या, पण हसत. मी विनोद केला, असं त्यांना वाटलं. म्हणून इथे छापून घेते आहे. वाक्य माझं आहे.

आगर वाचलं. सुधाकरला नादार ठरवलं गेलं. स्कूटर भंगारात गेल्या, होडी कोणीतरी पाण्याच्या टाकीवर झाकायला नेली. बाकीच्या धनकोंशी मी आलटून पालटून भांडून तोडगा काढला आणि तो कोर्टाने मान्य केला. उंटाच्या लिलावाला बोली लावणारा दिगूशेठ एकटाच होता. दुसऱ्या किनाऱ्यावर नफ्यात विकू, असा त्याचा हिशेब. गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याने उंट आपल्या आंब्याच्या बागेत बांधला. पालवीचे दिवस होते. हापूसने हापूस खाल्ला, बागेच्या एका बाजूने सुरुवात करून व्यवस्थित, खालच्या सगळ्या फांद्या. दिगूशेठ मला नोटीस पाठवायला निघाला होता, पण कशाबद्दल पाठवायची हे त्याच्या वकिलांना सुचलं नाही.

सगळं आटोपल्यावर दोघं मला भेटायला आली. सुधाकर दुसऱ्याच्या लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून लागला होता, चेहऱ्यावर वारा लागलेला दिसत होता. मी चहा मागवला. कौतुक करून घेतलं, ते मला आवडतं. मग फीचा विषय काढला. मी काम चालू असताना या घराकडून काही घेतलं नव्हतं, सगळं शेवटी एकदम असं ठरलं होतं.

वैजू चहा पिऊन कप खाली ठेवत म्हणाली, “फी यांची. यांनी वकील केला. यांचं देनं माझं नाय, तुमीच कोर्टात सांगितलंत.”

मी म्हटलं, मग त्याच्याकडून घेईन. ती म्हणाली, हे तर नादार झाले. मी म्हटलं, ठीक आहे, मला धनकोंच्या यादीत घाल, मी रांगेत उभी राहते. ती म्हणाली, तोडगा कोर्टाने मान्य केला, आता यादी कशी बदलणार, ते पण तुमीच सांगितलंत.

मी आयुष्यभर कायदा लोकांना साध्या भाषेत समजावून सांगितला. इतका नीट समजलेला अशील मला दुसरा भेटला नाही. माझा पारा चढायला लागला. खाली एक रिक्षा थांबलीच असेल. मी सुधाकरकडे वळले. म्हटलं, तू तरी बोल, माणूस म्हणून तुला काही वाटतं की नाही?

तो आता स्वतःहून बोलायचा, कोणाकडे न बघता. म्हणाला, “वकीलबाई, शाळेत मला नादारी होती. नादाराला फी माफ असते.”

आधी वैजू हसली, मग तो, आणि मग रागाने थरथरत असताना मीही. हसता हसता मला खोकला लागला आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, फीविषयी एक शब्द न काढता.

दोघं गेल्यावर मी शांतपणे विचार केला. तिच्या युक्तिवादात खोट शोधली. तिची खोट सापडली नाही. त्याची सापडली. शाळेतली नादारी दर वर्षी नवा दाखला आणून लावावी लागते. सुधाकर, या वर्षीचा दाखला आण. तो नसेल तर वैजू, तुझ्यासाठी लिहिते, कारण आंजर्ल्यात हा अंक जातो, याची मी संपादकांकडून खात्री करून घेतली आहे. फी अजून येणे आहे. रोख नको असेल तर नारळ चालतील. सोललेले हवेत, आणि पोचवायचा खर्च तुझा. भेट म्हणून पाठवू नकोस, मी परत पाठवीन. फी म्हणून पाठव. किती ते तू आधी बोल.